साक्षीदाराची रिकामी रेघ

मी एक दस्त आहे. घराची मालकी एका नावावरून दोन नावांवर नेण्यासाठी मला तयार केलं होतं. हल्ली मी एका कपाटाच्या खणात असतो, टॉवेलांच्या खाली. माझं कुणाला काही काम नाही. पण तुम्ही थोडा वेळ थांबणार असाल तर सांगतो.

वेल्समधल्या एका छोट्या बाजारगावात हॅवर्ड वकिलांची कचेरी होती. तिथे मी छापला गेलो. चार पानं, वर घराचं नाव, ‘हावोद’, आणि खाली सह्यांसाठी रेघा. हॅवर्डसाहेबांनी पेन्सिलीनं फुल्या मारल्या आणि सोबतच्या पत्रात लिहिलं, ‘टेगवेनबाई, सही साक्षीदाराच्या समोरच करा. साक्षीदारानं लगेच तुमच्या खाली सही करायची. नेस्टाबाई स्वतःच दस्तात आहेत, त्यामुळे त्यांची साक्ष चालणार नाही. तिसरं माणूस हवं.’

तिसरं माणूस. हावोदमध्ये नेमकं तेच नव्हतं.

घर डोंगरावर, वाटेच्या अगदी टोकाला. टेगवेन रोलंड्स शाळेत शिकवायची. नेस्टा प्रॉबर्ट खेडोपाडी फिरणारी परिचारिका. तरुणपणी नेस्टा एका हिवाळ्यापुरती राहायला आली आणि एकेचाळीस वर्षं राहिली. गाव त्यांना ‘वरच्या बाया’ म्हणायचं. गावानं कधी वाईट वागवलं नाही, पण चहालाही कधी कुणी वर आलं नाही. खालच्या शेतावरचा मेंढपाळ इव्हॉर तेवढा दर गुरुवारी कोंबड्यांचं खाद्य घेऊन यायचा. दारातच टोपी काढून हवापाण्याचं बोलायचा आणि निघायचा.

घर टेगवेनच्या एकटीच्या नावावर. तिशीत तिनं मृत्युपत्र केलं होतं, सगळं भावाला, नाहीतर त्याच्या मुलाला. पुढे ते बदलायचं राहून गेलं. सत्तरी ओलांडल्यावर तिचे हात कापायला लागले, तेव्हा तिनं माझ्यासाठी वकिलांना पत्र धाडलं.

मी पोचलो तो फेब्रुवारीतला सोमवार होता. बाहेर बर्फ पडत होता. टेगवेननं मला टेबलावर पसरलं आणि चष्मा लावला.

“आज हात बरा आहे. आज करून टाकते,” ती म्हणाली.

“अगं, इव्हॉर येऊ दे की गुरुवारी,” नेस्टा म्हणाली. “त्याच्या देखत करायची असते. काय लिहिलंय ते वाचलंस ना?”

“वाचलं. गुरुवारी हात थरथरला तर? कोंबडी नाचल्यासारखी दिसेल सही. तो काय माझी सही ओळखत नाही? करेल खाली आपली.”

“तू शाळेत मुलांना असं चालू द्यायचीस?”

“मुलांना नाही. मला चालतं.”

तिनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर बसवत. आतापर्यंत मी नुसता कागद होतो. शाई उमटली आणि मला प्रथमच वाटलं, आपण कुणाचे तरी आहोत. मग नेस्टानं आपल्या रेघेवर सही केली. दोघींनी मला वाळवायला चुलीजवळ ठेवलं आणि सूप प्यायला बसल्या. खालची साक्षीदाराची रेघ तेवढी रिकामी होती.

बुधवारी सकाळी टेगवेन कोंबड्यांना पाणी द्यायला गेली ती परत आली नाही. नेस्टानं जाऊन पाहिलं तर ती खुराड्याच्या दारात पडलेली. आयुष्यभर दुसऱ्यांची नाडी पाहिलेल्या नेस्टाला मनगट हातात घेताच कळलं. तरी ती बराच वेळ ते धरून बसून राहिली. रस्ता बर्फानं बंद होता. दुसऱ्या दिवशी इव्हॉर ट्रॅक्टर घेऊन वाट काढत आला, आणि त्या दिवशी प्रथमच तो उंबरठा ओलांडून आत आला.

दफन झालं. आठवड्यानं इव्हॉर स्वयंपाकघरात बसला असताना नेस्टानं मला त्याच्यासमोर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यानं मला दोनदा वाचलं. रेघेवर बोट ठेवलं.

“पेन द्या,” तो म्हणाला.

“नको, इव्हॉर.”

“कुणाला कळणार आहे? मी सोमवारी आलो होतो म्हणून सांगेन. खोटं तरी कुठे आहे? सही तिचीच ना?”

“तिचीच.”

“मग?”

“पण तू नव्हतास.” नेस्टानं मला स्वतःकडे ओढून घेतलं. “कुणीच नव्हतं इथे. इतकी वर्षं कुणीच नव्हतं. तिच्या शेवटच्या सहीखाली मी खोटं लिहू देणार नाही.”

इव्हॉरनं मान खाली घातली. टोपी हातात फिरवत राहिला. “यायला हवं होतं आम्ही,” एवढंच म्हणाला.

तिनं नकार दिला तेव्हा मी मेलो, असं कायदा म्हणेल. मला मात्र तेव्हा तिचा हात जाणवत होता. माझ्यावर घट्ट दाबलेला.

नेस्टा मला वकिलांकडे घेऊन गेली. हॅवर्डसाहेबांनी मला उलटून पालटून पाहिलं. “जिनं डोळ्यांनी पाहिलं तिचीच साक्ष चालत नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “कोर्टात घराचा वाटा मागता येईल तुम्हाला. एकत्र राहत होता, म्हणून. पण तुमचं नातं काय होतं ते सगळ्यांसमोर विचारतील.”

“मग नको,” नेस्टा म्हणाली. “आम्ही एकमेकींनाही ते कधी विचारलं नाही.”

टेगवेनचा भाऊ आधीच वारला होता, म्हणून जुन्या मृत्युपत्राप्रमाणे घर भाच्याला गेलं. एमलिन कार्डिफहून आला. दुष्ट नव्हता तो. त्याला काही ठाऊकच नव्हतं. “तुम्ही आत्यांच्या भाडेकरू होता ना?” त्यानं अदबीनं विचारलं.

“नाही,” नेस्टा म्हणाली. तिनं त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. त्यानं तिला शरद ऋतूपर्यंत राहू दिलं आणि घर विकायला काढलं.

ती विक्री मी पाहिली. हॅवर्डसाहेबांच्या टेबलावरच्या फायलीत मी होतो. शेजारी नवा कोरा दस्त आला. एमलिननं सही केली, साहेबांनी बाहेरच्या टंकलेखिकेला हाक मारली, ती हात पुसत आली, सही केली, गेली. दोन मिनिटं लागली असतील. माणूस हाकेच्या अंतरावर असला की किती सोपं असतं सगळं.

मला फायलीत नऊ वर्षं झाली. हॅवर्डसाहेब निवृत्त झाले तेव्हा जुनी कागदपत्रं फाडायला काढली होती. मला पाहून ते थबकले आणि त्यांनी नेस्टाला फोन केला. ती डोंगराखालच्या गावातल्या वृद्धांसाठीच्या घरांमध्ये एका खोलीत राहत होती. बस बदलून स्वतः आली.

“याचा काही उपयोग नाही आता,” साहेब म्हणाले.

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि मला पर्समध्ये ठेवलं.

आता तिला नीट दिसत नाही. कधी दुपारी खण उघडते, टॉवेल बाजूला करते आणि सहीवरून अंगठा फिरवते. टेगवेननं पेन जोरात दाबलं होतं, त्यामुळे अक्षरं हाताला लागतात. परवा मदतनीस बाईनं मला पाहून विचारलं, “महत्त्वाचं आहे का हे, की टाकून देऊ?”

“महत्त्वाचं नाही,” नेस्टा म्हणाली. “ठेव परत.”

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात सहीसाठी थांबलेला एखादा कागद असेल. आज करा ती सही. पण त्याआधी खिडकी उघडून शेजारच्याला आत बोलवा, बसवा, चहा द्या. आणि तुमच्या वाटेच्या टोकाला कुणी दोघं राहत असतील, तर बोलावणं येईपर्यंत थांबू नका. जाऊन बसा थोडा वेळ त्यांच्या स्वयंपाकघरात.