उपाशी चेहरा

सीतालक्ष्मीबाईंचा नेम साधा होता. पापनाशमजवळच्या कुलदेवीची सांजआरती डोळ्यांनी बघायची, मगच दिवसाचं एकमेव जेवण. गुडघे गेले तसं देऊळ सुटलं. पण ओळखीतल्या वेंकटरावाचं छोटं टीव्ही चॅनल रोज ती आरती दाखवी, आणि तंजावुरात घरबसल्या नेम चालला होता.

परवा आरतीच्या वेळी पडदा निळा झाला. डिशवाल्या कंपनीनं चॅनल दाखवायचे पैसे वाढवून मागितले, वेंकटरावानं दिले नाहीत. सून विनुतानं फोन केला तर कंपनी म्हणे चॅनलला विचारा, चॅनल म्हणे कंपनीला विचारा. दोघांच्या मध्ये सासूबाई नुसत्या पाण्यावर.

आज संध्याकाळी वेंकटराव स्वतः आला, कॅमेरावाल्याला घेऊन. मामी मामी करत पाया पडला. सीतालक्ष्मीबाईंना बरं वाटलं. आपल्यातलाच मुलगा, काही सोय करील.

"मामी, जरा वाकून बसा. कानातल्या कुड्या तेवढ्या काढा. आणि म्हणा, कंपनीनं माझ्या तोंडचा घास काढला."

"कुड्या कशाला काढू रे? मी उपाशी आहे, भिकारी नाही."

"टीव्हीवर दोन्ही एकच दिसायला पाहिजे, मामी." तो हसला.

विनुतानं मध्येच विचारलं, "आजची आरती झाली असेल ना? तुमचा कॅमेरा तर तिथंच असतो."

"झाली की. फोनवर आलीय."

"मग आधी ती दाखवा. परवापासून पोटात अन्न नाही यांच्या."

"दाखवतो हो, शूटिंग संपू दे. आत्ता दर्शन झालं तर तोंडावर तेज येईल. मग उपाशी चेहरा कुठून आणू मी?"

वांग्याचा भाव सांगावा इतक्या सहज बोलला. सीतालक्ष्मीबाईंनी त्याच्या खिशाकडे पाहिलं. देवी याच्या सदऱ्याच्या खिशात, आणि हा वर हात ठेवून बसलेला. कंपनीनंही अडवलंच होतं, पण तिनं पाया पडून मामी म्हटलं नव्हतं.

भिंत धरून त्या उठल्या. देव्हाऱ्यापुढं कापूर लावून ओवाळला. "आई, आजपासून नेम एवढाच," असं पुटपुटल्या, डोळे मिटले. मग म्हणाल्या, "विनुता, पान वाढ."

दहीभात आला, आंबट-कडू नार्त्तंगाईच्या फोडींचं लोणचं आलं. कॅमेऱ्यासमोरच त्या बसल्या, कुड्यांसकट, आणि पहिला घास घेतला.

वेंकटरावानं घाईघाईनं फोन पुढं केला. "थांबा मामी, ही बघा आरती, मग जेवा. दोन वाक्यं तरी..."

"ठेव तो खिशात," त्या हळूच म्हणाल्या. "जेवताना मळमळेल मला."