सरकलेली धार

पवनेच्या पाण्यावर नानांच्या ओल्या तळहाताची थाप पडली, की एक गंभीर, खर्जातला नाद उमटे, तो कानांत साठवून नाना म्हणत, "दोन पुरुष हाय." म्हणजे हात वर करून एकावर एक उभी दोन माणसं बुडतील एवढं पाणी. नाना माझे थोरले चुलते. पाठीला वाळका भोपळा बांधून निम्म्या गावाला त्यांनीच पोहायला शिकवलं. वैशाखातल्या प्रदीर्घ दुपारी नदी हीच आमची शाळा आणि तीच जत्रा. याच पाण्यावर नानांचा ऊस वाढला आणि याच पाण्यापाशी कारखाने आले. चुली पेटल्या, खोटं कशाला बोला! नानाही पाळीवर जाऊ लागले. मग नदी काळवंडली, जलपर्णीनं झाकली गेली, आणि तिच्यात उतरायचं उरलं ते फक्त बुडालेला माणूस काढायला. तेही नानांनीच. उंबराखालच्या डोहात नदी आपली माणसं ठेवते, ही त्यांची श्रद्धा होती, आणि ती कधी खोटी ठरली नव्हती.

गेल्या भाद्रपदात, सुट्टीच्या दिवशी, पाय धुवायला उतरलेला लातूरकडचा एक कामगार वाहून गेला. त्याची बायको काठावरच्या चिखलात बसून होती.

"मामा, तोंड तेवढं बघू द्या हो त्यांचं. उशीर झाला की वळखू येत नाही म्हणतेत."

"मिळंल, बाई. डोह सोडून त्यो कुठं जातोय!"

सत्तरीचे नाना दोन दिवस त्या डोहात बुड्या मारत होते. अग्निशमन दलाच्या बोटीतली माणसं म्हणाली, धारेच्या खालच्या अंगाला बघू या. नानांनी त्यांना झिडकारलं. त्यांच्या शब्दाचा मान मोठा, म्हणून सगळे थांबले. मीही थांबलो.

तिसऱ्या दिवशी नानांच्या हातून काठी पाण्यात सुटली. ती जागची हलेना. नाना तिच्याकडे पाहतच राहिले. धार आता डोहात येतच नव्हती. वरच्या अंगाचा मळा नानांनी कधीच विकला होता. इमारतीसाठी तिथं भराव पडला आणि त्यानं नदीला पलीकडे रेटलं. हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत झालं होतं, पण नदी सरकते हे आम्हा नदीकाठच्यांच्या डोक्यातच आलं नाही.

खालच्या बंधाऱ्याला तो त्याच संध्याकाळी सापडला. प्रेताचं बांधलेलं गाठोडं उघडू नका, पोलीस म्हणाले. बाई रडली नाही. नानांकडे वळून एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणला होता, मिळंल."

मला नानांचा भयंकर राग आला. आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. ते त्या दिवसापासून नदीकडे पाठ करून बसतात. काळ सगळं पुसतो म्हणतात. पण जो चेहरा शेवटचा पाहायचा राहूनच गेला, तो काळानं तरी कुठून पुसावा?