मुंढ्याचं वळण

मावशींनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. तरीही ज्या दिवशी त्यांनी भरधाव गाडी वळणावर घसरवत न्यायला शिकायचं ठरवलं, त्या दिवशी आपल्याला हे जमणार याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका इतरांना होती. इतरांना ती असतेच, त्यांना दुसरं काम काय असतं?

मावशी काळे कोट शिवायच्या. कोर्टातल्या वकिलांचे. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही शिवलं नाही, आणि त्यांच्या हातचा कोट घातला की हरणारा वकीलसुद्धा जिंकल्यासारखा दिसतो असं खुद्द वकीलच म्हणायचे. त्यांचं दुकान एका लांबलचक हॉलच्या मागच्या भागात होतं. प्लायवूडच्या पलीकडे, मधल्या भागात, व्हिडिओ गेमचं पार्लर. आणि पुढे, रस्त्याकडे तोंड करून, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची जागा, तिला भिंतभर रुंद खिडकी. घड्याळवाला म्हातारा झाला, दुकान आवरून मुलाकडे राहायला गेला आणि खिडकी मोकळी झाली.

मालकीणबाईंनी दोन्ही भाडेकरूंना बोलावलं. "जागा एकालाच मिळेल. कुणाला ते तुम्ही आपसात ठरवा, पुढच्या रविवारपर्यंत. मला भांडणं नकोत. घरात दोन सुना आहेत, तेवढं पुरे."

पार्लर चालवणारा पोरगा म्हणजे तसा तिशीतला बाप्या होता, पण मावशींच्या हिशेबी चाळिशीच्या आतला प्रत्येक जण पोरगाच. त्याला सगळे गियर म्हणत, कारण बोलताना त्याचा उजवा हात सतत काहीतरी बदलत असायचा. त्याला खिडकी हवी होती ती मोठं पोस्टर लावायला. आत काय चाललंय ते रस्त्यावरून जाणाऱ्याला कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

"पण तुम्हाला खिडकी कशाला, मावशी?" तो म्हणाला. "काळ्या कोटात बघायचं काय असतं? सगळं काळंच."

मावशींनी गळ्यातला टेप सारखा केला. एरवी त्यांनी त्याला तिथेच सुनावलं असतं, हे शेजारी बसून काजं-बटणं करणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. का सुनावलं नाही, तेही धाकटीला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीच त्यांना घेऊन गेली होती. डोळ्याच्या आतला पडदा थकलाय, डॉक्टर म्हणाले होते. चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही, ऑपरेशनचंही हे काम नाही. भरपूर उजेडात बसा, दिवसाच्या उजेडात, म्हणजे अजून बरीच वर्षं काम कराल. मागच्या खोलीत दिवसाचा उजेड कधी आलाच नव्हता. चार ट्यूबलाइट लावूनही काळ्या कापडावरचा काळा दोरा मावशींना आता दिसत नव्हता, बोटांनी चाचपावा लागत होता. खिडकी मिळाली तर कोट, नाहीतर उशांचे अभ्रे. आणि अभ्रे शिवायला मावशी जन्माला आल्या नव्हत्या, हे त्यांचं ठाम मत होतं.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. शिलाईवालीची नजर गेली, एवढं एक वाक्य कोर्टाच्या आवारात फिरलं की संपलं. वकील दुसऱ्याच्या तोंडची गोष्ट शपथेवर खरी मानतात.

"मला हवी आहे, म्हणून हवी," मावशी म्हणाल्या.

गियरला त्या उत्तराची गंमत वाटली. "बरं, असं करू. आमच्या गाडीच्या गेममध्ये, घाटाच्या ट्रॅकवर माझा आकडा आहे, अठ्ठेचाळीस हजार सातशे. वर्ष झालं, कुणाच्या बापाला मोडता आलेला नाही. तुम्ही मोडा, खिडकी तुमची."

तो हसला. धाकटीही हसली. मावशींनी मालकीणबाईंकडे वळून विचारलं, "ऐकलंत ना? तुमच्यासमोर बोललाय."

"ऐकलं," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांना आठवडाभराची करमणूक फुकट मिळाली होती.

"अहो मावशी, मी गंमत करत होतो."

"मी नाही करत. शिकवणार कोण, तूच ना?"

गियरपुढे आता दोनच वाटा होत्या, माघार घ्यायची किंवा शिकवायचं. त्याला माघार घेणं माहीत नव्हतं. शिवाय आपल्याइतकं चांगलं कुणी शिकवू शकत नाही, याची त्याला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर ती खात्री काही खोटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पार्लर रिकामं असताना, मावशी गळ्यातल्या टेपसकट त्या खोल खुर्चीत जाऊन बसल्या. समोर मोठा पडदा, हातात स्टिअरिंग, बाजूला हँडब्रेकचा दांडा, पायाशी पेडल. पेडल दिसल्यावर त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी पाय ठेवला.

"खेळ सोपा आहे," गियर म्हणाला. "शर्यत नाही ही. वळणावर गाडीचं मागचं अंग घसरलं पाहिजे, आणि घसरत असतानाच पुढे गेलं पाहिजे. जेवढं घसराल तेवढे गुण साठतात. गाडी सरळ केली की साठलेले गुण तुमच्या खात्यात. पण सरळ करायच्या आधी भिंतीला लागलात की साठलेले सगळे पाण्यात."

मावशींनी गाडी सोडली. सरळ रस्त्यावर त्या झकास गेल्या. पहिलं वळण आलं आणि गाडी जागच्या जागी थांबली, मग हळूच वळली, मग पुन्हा निघाली. दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्यावर तेच.

"मावशी, पाय का उचलता? आपण पाहुण्यांना सोडायला आलोय का?"

पाय मावशी उचलत नव्हत्याच, तो आपला आपण उठत होता. कोपरा आला की पाय उचलायचा, सुई कापडात रुतवून ठेवायची, कापड फिरवायचं, मग पुढचा टाका. कोटाच्या प्रत्येक खिशाला चार कोपरे, आणि एकतीस वर्षांत किती खिसे झाले ते त्या पायालाच ठाऊक. दुसरा कुणी नवशिका वळणावर घाबरून भिंतीवर जातो. मावशी एकदाही भिंतीवर गेल्या नाहीत, आणि त्यांना गुणही एकसुद्धा मिळाला नाही. असला नवशिका गियरने पाहिला नव्हता.

तीन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या की स्टिअरिंग सैल आहे.

"नाचता येईना, अंगण वाकडं," धाकटी प्लायवूडच्या पलीकडून, काज करता करता म्हणाली.

"तू काजं कर."

चौथ्या दिवशी सकाळी मावशी एका कोटाला बाही जोडत होत्या. बाहीचा घेर मुंढ्याच्या, म्हणजे खांद्याशी बाही जोडायच्या गोल कापाच्या, घेरापेक्षा नेहमी थोडा मोठा असतो, आणि तो जास्तीचा सैलपणा वळणावर कुठेही चुणी न पडता जिरवायचा, ही सगळ्या कोटातली अवघड जागा. नवी पोरं तिथे बोटभर शिवतात आणि थांबतात, बोटभर शिवतात आणि थांबतात, आणि प्रत्येक थांब्याला एक चुणी ठेवून येतात. मावशी थांबत नसत. पाय एका चालीने अर्धा दाबलेला, मशीन कापड स्वतः ओढून नेतं, त्याला नेऊ द्यायचं. हातांनी फक्त किंचित उलटं धरायचं, वळण डावीकडे तर हात उजवीकडे. आणि नजर सुईवर नाही, सुईच्या चार बोटं पुढे.

मावशींनी मशीन थांबवलं. बाही तशीच अर्धवट लोंबकळत राहिली, जे त्यांच्या दुकानात आजवर कधी झालं नव्हतं.

"गाडी चालू कर," त्या पार्लरमध्ये जाऊन म्हणाल्या. सकाळचे अकरा वाजले होते आणि गियर अजून फरशी पुसत होता.

त्या पहिल्या वळणात वेगाने शिरल्या, हँडब्रेक एकदा ओढून सोडला, गाडीचं मागचं अंग बाहेर निसटलं आणि स्टिअरिंग त्यांच्या तळव्यांखालून आपलं आपण उलटं फिरायला लागलं. त्यांनी ते फिरू दिलं. नेमकं कुठे धरायचं ते हातांना कळलं. पाय अर्ध्यावर होता, तिथेच राहिला. गाडी तिरकी होऊन, धूर काढत, वळणाच्या आतल्या कडेला नाक चिकटवून अख्खं वळण फिरली आणि पडद्यावर नऊशे गुण उमटले.

गियरच्या हातातलं फडकं खाली पडलं. "हे कुणी शिकवलं?"

"मुंढ्याने," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी त्याला कोटाची बाही आणून दाखवली, आणि गियरने ती उलटसुलट करून अर्धा तास बघितली. त्याला खरंच समजलं. मावशींना तो त्या क्षणी आवडला, आणि असं आवडणं गैरसोयीचं आहे हेही त्यांना समजलं.

त्यानंतरच्या दिवसांत आकडा चढत गेला, वीस हजार, एकतीस, चाळीस. गियर रोज रात्री पार्लर बंद करताना आपला आकडा जागेवर आहे ना ते बघायला लागला होता. पण शिष्य असा भेटला की गुरूची अक्कल गहाण पडते. तो शिकवतच राहिला. एका वळणाची घसरण न मोडता दुसऱ्या वळणात कशी न्यायची, तेही त्याने दाखवलं. आपल्याच पायावर धोंडा पाडताना एवढा उत्साह दाखवणारा माणूस विरळा.

अडचण एकच उरली. घाटाचं शेवटचं वळण. तिथवर रस्त्याला दिवे होते, मग शेवटचा दिवा मागे पडायचा आणि पुढे मिट्ट काळोख. तिथे मावशी दर वेळी भिंतीवर.

"भिंतीच्या पायाशी पांढरी रेघ आहे, ती बघा," गियर म्हणायचा.

"बघते," मावशी म्हणायच्या. त्यांना तिथे रेघही दिसत नव्हती आणि भिंतही नाही. पडदा काळ्या कापडाच्या ठाणासारखा सपाट दिसायचा. शुक्रवारी रात्री त्यांना पहिल्यांदा भीती वाटली, गाडीची नाही, खिडकी हातची जाण्याची. पण काळ्यावर काळं त्या गेले दोन महिने शिवतच होत्या, आणि तेही न बघता. शनिवारी त्यांनी रेघ शोधायचं सोडून दिलं आणि टाके मोजायला घेतले. शेवटचा दिवा गेला की एक, दोन, तीन, चार, पाचला हँडब्रेक. स्टिअरिंग हलकं झालं की गाडी घसरली. मग अकरापर्यंत धरून ठेवायचं, आणि अकराला जड झालं की भिंत मागे पडली. शनिवारी सात वेळा आपटल्या, आठव्यांदा निघाल्या. तेवढं त्यांना पुरेसं वाटलं.

रविवारी दुपारी मालकीणबाई दोन्ही सुनांना घेऊन आल्या. तीन फेऱ्या ठरल्या. पहिल्या फेरीत मावशींना मधल्याच वळणावर भिंत लागली. दुसऱ्या फेरीत त्या पंचेचाळीस हजारांवर थांबल्या. धाकटी नखं खायला लागली. मावशींनी गळ्यातला टेप काढून तिच्या हातात दिला.

तिसऱ्या फेरीत सगळं जुळून आलं. वळणामागून वळण गाडी घसरत गेली, आणि शेवटच्या दिव्याजवळ आली तेव्हा खात्यात एकेचाळीस हजार होते आणि वर साठलेले, अजून खात्यात न पडलेले, सहा हजार. आता गाडी सरळ केली तर सत्तेचाळीस. म्हणजे कमीच. तशीच घसरत काळोखात नेली तर एक तर आकडा मोडेल, नाहीतर सहाही जातील आणि खिडकीही.

मावशींनी पाय उचलला नाही.

दिवा मागे गेला. एक, दोन. "भिंत!" गियर ओरडला. आपण कुणाच्या बाजूचे आहोत हे तो विसरलाच होता. "उजवीकडे भिंत आहे मावशी, रेघ बघा." त्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मावशींचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. हाताखालून स्टिअरिंग उलटं गेलं, थांबलं, थोडं परत आलं. नऊ, दहा, अकरा. मावशींनी गाडी सरळ केली आणि मग डोळे उघडले.

एकोणपन्नास हजार दोनशे.

मालकीणबाई आधी टाळ्या वाजवायला लागल्या, मग दोन्ही सुना. धाकटीने टेपमध्ये तोंड लपवलं. गियर मात्र पडद्याकडे बघत नव्हता. गलका थोडा कमी झाल्यावर तो खुर्चीजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "डोळे का मिटलेत?"

मावशी चपला शोधत होत्या. त्या काळ्या होत्या आणि खुर्चीखाली अंधार होता, म्हणून पायाने चाचपत होत्या. गियर ते बघत होता.

"उघडे ठेवूनही तिथे मला काही दिसत नाही," त्याही तितक्याच हळू म्हणाल्या. "दिसत असतं, तर खिडकी मागितली असती का?"

गियरचा उजवा हात पहिल्यांदाच स्वस्थ होता. त्याने खुर्चीखालून त्यांच्या चपला काढून पायांपुढे ठेवल्या. "आधी सांगायचं ना. तशीच दिली असती."

"दिली असतीस," मावशी म्हणाल्या. "आणि मग रोज माझ्या डोळ्यांची विचारपूस करायला आला असतास. आता आकडा मोडायला येशील."