आधी पिल्लू

टांगलेल्या हरिणीच्या सडाला डॉक्टरिणीनं अंगठ्यानं हलकेच दाबलं आणि दुधाचा थेंब तिच्या हातमोज्यावर उतरला.

"हिलाही दूध आहे," मागून खाटीक म्हणाला. सुरी पुसण्याचं निमित्त करून तो केव्हाचा तिथं रेंगाळत होता. "परवाच्या हरिणीलाही होतं."

"मला दिसतं."

"दिसत असणारच. तुम्ही डॉक्टर. मी आपलं सहज म्हणालो." त्यानं पुसलेलीच सुरी पुन्हा पुसली. "दूध आहे म्हणजे पिल्लू आहे. मग पिल्लू कुठंय?"

शीतगृहाच्या त्या गारठ्यात कुणी उगीच गप्पा मारत उभं राहत नाही. खाटीक उभा होता, म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी होतं आणि ते बाहेर पडल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

"यंदा पिल्लं कमीच आहेत," ती म्हणाली. "रोगानं गेली असतील."

"असतील, असतील. पण सकाळी बार दोन झाले. माझ्या बायकोनंही ऐकले. आणि आली ही एकटी, अंगावर भोक एकच."

"एखादा नेम चुकला असेल."

खाटीक हसला, आणि त्यानं हसणं रास्तच होतं. हरणं मारायचा परवाना तिच्या दिराकडं होता. सगळं गाव त्याला 'धाकटा' म्हणायचं, आणि धाकट्याचा नेम चुकला हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं.

"कोवळ्या मांसावर लोक टपलेले असतात, बाई. परवा एका खाणावळीची गाडी तुमच्या दिराच्या फाटकाशी उभी होती. तळं राखील तो पाणी चाखील, त्यात नवल ते काय! पण तपासणीच्या कागदाखाली सही तुमची असते, म्हणून बोललो. नाहीतर मला काय करायचंय?"

एवढं बोलून, काही करायचं नसलेला तो माणूस समाधानानं निघून गेला.

डॉक्टरिणीनं हातमोजे काढले. शंकेची पाल तिच्याही मनात चुकचुकत होती, गेले कित्येक दिवस. फक्त तिनं तिकडं कान दिला नव्हता.

रानात हरणं माजलीत, असं गावात म्हणायची पद्धत होती. खरं तर ती उपाशी होती. त्यांना खाणारं जनावर रानात उरलं नव्हतं, आणि त्यांनी पाला, साली, उगवेल ते रोप खाऊन टाकलं होतं. उंच म्हाताऱ्या झाडांखाली एकही पोरगेलं झाड दिसत नसे. कुंपणं घालून झाली, गर्भ राहू नये म्हणून सुया टोचून झाल्या. शेवटी बंदूक. त्यावर गावच्या सभेत रणकंदन माजलं. निवृत्त मुख्याध्यापिका उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "आईला मारल्यावर पिल्लाचं काय? ते रानात उपाशी मरायचं?"

तेव्हा डॉक्टरिणीनं उत्तर दिलं होतं. "आधी पिल्लू, मग आई. असाच नियम आहे. पिल्लू मागं राहत नाही. आणि मारलेलं प्रत्येक जनावर माझ्या टेबलावर येतं. त्याचा शब्द मी देते."

तिच्या शब्दावर मतदान झालं. आता पुढच्या हंगामाचा परवाना द्यायचा होता, सभा याच आठवड्यात होती, आणि त्या शब्दाला कुठंतरी भोक पडलं होतं.

एक तर धाकटा पिल्लं विकत होता. नाहीतर पिल्लांवर बार टाकायला त्याचं मन धजत नव्हतं, आणि ती आईवाचून रानात तडफडून मरत होती. यातलं वाईट कुठलं, हे तिला ठरवता येईना.

धाकटा संध्याकाळी जेवायला आला. तो असाच यायचा, न सांगता, स्वतःच्या घरात शिरावं तसा. तिचा नवरा रोपवाटिकेतून नुकताच आला होता आणि कुरतडलेल्या रोपांची गाऱ्हाणी सांगत होता.

"माझी रोपं म्हणजे त्यांना सासुरवाडीचं जेवण वाटतं," नवरा म्हणाला. "जावयासारखी येतात, खातात, वर पायदळी तुडवून जातात."

"जावयाला गोळी घालायची सोय नाही, दादा. हरणाचं बरं," धाकटा म्हणाला.

एरवी ती हसली असती. धाकट्याच्या बोलण्यावर ती नेहमी हसायची. उन्हाळ्यात तिचं मूल जन्मलं आणि रडलंच नाही. त्यानंतर सगळं गाव तिच्याशी दबक्या आवाजात बोलायला लागलं, जसं काही मोठ्यानं बोललं तर ती तडकेल. नवरासुद्धा. एकटा धाकटा पहिल्यासारखा राहिला होता. हंगाम सुरू झाला तेव्हा ती कामावर परतली, तर सगळे नको नको म्हणत असताना हाच म्हणाला होता, "येऊ द्या की वहिनीला. घरात बसून दादाचं तोंड किती बघायचं?" त्या वाक्यासाठी तिनं त्याला जन्मभर जेवायला घातलं असतं.

आता ती त्याच्या नखांतली माती बघत होती.

"भाऊजी, सकाळी बार दोन झाले?"

"एक फुकट गेला."

"तुमचा?"

"वय झालं, वहिनी. आता चष्मा लागणार." त्यानं तिच्याकडं न बघता पाण्याचा पेला उचलला.

"आणि गाडीत फावडं कशाला असतं?"

"चाक चिखलात रुततं कधीकधी."

जेवण झाल्यावर त्यानं हात धुतले. नवऱ्यानं दोरीवरचा टॉवेल त्याच्यापुढं केला. जाडाभरडा, पांढरा, कोपऱ्यावर शीतगृहाचा निळा शिक्का असलेला.

"हा तिथला टॉवेल आपल्याकडं कसा आला, देव जाणे," नवरा म्हणाला. "हंगाम सुरू झाल्यापासून इथंच आहे. हिला विचारलं तर हिलाही ठाऊक नाही."

धाकट्यानं टॉवेल घेतला नाही. ओले हात पँटला पुसले आणि घाईघाईनं निघाला. कुठंतरी पाणी मुरतंय, याबद्दल तिला आता शंका उरली नाही.

"तुला काय वाटतं, तो काही विकतबिकत असेल?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"कोण, धाकटा? अगं, लहानपणी त्यानं माझे चिंचोके चोरले होते, तर रात्री मला उठवून कबूल केलं. त्याच्या पोटात काही राहत नाही." नवरा थांबला. मग त्या नेहमीच्या दबक्या आवाजात म्हणाला, "तू दमलीस का?"

ती भांडी आवरायला उठली.

सकाळी उजाडता उजाडता ती रानात शिरली. बंदुकीच्या पुढं नाही, मागं राहायचं असतं, एवढं तिला कळत होतं. धाकट्याची बसायची जागा माहीत होती. त्या जागेच्या बऱ्याच मागं, एका पडलेल्या खोडाआड ती बसून राहिली. गवत दवानं भिजलेलं होतं आणि चोरासारखं लपायची तिची तिलाच लाज वाटत होती. पण चोर कोण ते आज कळणार होतं.

मोकळ्या जागेत आधी पिल्लू आलं. मागून हरिणी आली, मान वर करून थांबली, पुन्हा चरायला लागली.

पहिल्या बाराला पिल्लू जागच्या जागी कोसळलं. हरिणी पळाली नाही. ती पिल्लापाशी आली, त्याला नाकानं ढोसलं, आणि ते का उठत नाही हे न कळून तशीच उभी राहिली. मग दुसरा बार झाला. नियम असा का आहे ते डॉक्टरिणीनं भर सभेत समजावून सांगितलं होतं. डोळ्यांनी आजच पाहिलं.

धाकट्यानं हरिणीला ओढत नेऊन गाडीत चढवलं. मग फावडं घेतलं, पिल्लू खांद्यावर टाकलं आणि तो उलट्या दिशेनं, झाडीत निघाला. ती मागोमाग गेली.

तिथं मातीचे छोटे उंचवटे होते, एकाशेजारी एक. कोल्ह्यांनी उकरू नयेत म्हणून प्रत्येकावर दगड रचलेले होते. जुन्यांवर गवत उगवायला लागलं होतं.

"भाऊजी."

तो दचकला, पण फार नाही. पिल्लू खाली ठेवलं, बंदूक रिकामी केली, झाडाला टेकवली.

"हे काय आहे?" तिचा आवाज चढला. "विकत नाही म्हणून सुटलात असं वाटतंय? मी लोकांना शब्द दिला होता, प्रत्येक जनावर टेबलावर येतं म्हणून. यंदा पिल्लं कमी आहेत असं मी सांगत सुटलेय. खोटं बोलायला लावलंत मला!"

"हो."

"नुसतं हो काय? का केलंत?"

त्यानं फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. "हंगामाच्या पहिल्या दिवशी एक आणलं होतं की मी."

"आठवतंय ना. तपासलं मी ते. वजन घेतलं. हातसुद्धा थरथरला नव्हता माझा." हे तिनं मान ताठ करून सांगितलं. त्या दिवसाचा तिला अभिमान होता. त्या दिवसाच्या जोरावर ती पुढचे सगळे दिवस उभी होती.

"मी हातमोजे विसरलो होतो, म्हणून परत आलो. दार अर्धं उघडं होतं." तो अडखळला. "तुम्ही त्याला पुसत होतात, वहिनी."

"पुसत होते?"

"टॉवेलनं. पावसात भिजलेलं होतं ना ते. तुम्ही त्याचं अंग कोरडं करत होतात. कानांमागं, मानेखाली. मग टॉवेलात नीट गुंडाळलंत." त्यानं खाली मातीकडं बघितलं. "मी दार हळूच लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारख्या बोललात. मग मीही नेहमीसारखाच बोललो."

खोटं आहे हे, असं ती म्हणणार होती. वजन आठवत होतं, फुप्फुसांचा रंग आठवत होता. टॉवेल मात्र कुठंच नव्हता. आणि मग तिला घरातली दोरी दिसली, दोरीवरचा तो निळा शिक्का, आणि ओले हात पँटला पुसून पळालेला धाकटा.

ती तिथंच ओल्या मातीत बसली. रडू आलं, आणि रडता रडता रागही आला. गावात तिच्याशी पहिल्यासारखा वागणारा एकच माणूस होता, आणि तोच सगळ्यांत जपून वागत होता. धाकट्यानं तिला उठा म्हटलं नाही, रडू नका म्हटलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि पिल्लाकडं हात नेला. बरगड्यांवरून बोटं फिरवली, मग ते दोन्ही हातांनी उचललं.

"हलकं आहे," ती म्हणाली. आवाज अजून भरलेला होता, पण बोलत होती ती डॉक्टरीण. "या दिवसांत एवढं हलकं असता कामा नये. बरगड्या बघा. कळप उपाशी आहे. पिल्लं टेबलावर आली असती तर हे मला पहिल्याच महिन्यात कळलं असतं, भाऊजी."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

"आता सही नाही करणार?"

"आधी मी लोकांना काय चुकीचं सांगितलं ते कबूल करेन. हे उंचवटेही दाखवेन. तुमचं मग बघू." ती गाडीकडं चालायला लागली. तो घ्यायला पुढं आला, पण तिनं पिल्लू दिलं नाही. गाडीत, त्याच्या आईशेजारी, तिनंच ठेवलं.

शीतगृहाच्या दारात खाटीक उभाच होता. गाडीत डोकावून त्यानं भुवया उंचावल्या. "आज दोन?"

"दोन बार, दोन जनावरं," ती म्हणाली. "आणि काल जे बोललात ना, तसं पुन्हा बोलायचं तर माझ्या दिराच्या तोंडावर बोला. ते बघा, आलेच ते."

खाटकाला एकदम आतलं काहीतरी काम आठवलं.

तिनं पिल्लू टेबलावर ठेवलं. धाकटा सवयीनं दाराकडं वळला.

"थांबा, भाऊजी."

तो दाराशी थांबला. पिल्लाचं अंग दवानं ओलं होतं. भिंतीवरची टॉवेलाची खुंटी रिकामी होती. तिनं एकदा तिकडं पाहिलं, मग सुरी घेतली. या खेपेला तिचा हात थरथरला. धाकट्याला तो दिसला, आणि तिनं लपवला नाही.