पांढऱ्या गोळीचा हुकूम

मी खलिता बोलतोय. दिसतो तीनशे वर्षांचा, पण खरं वय विचाराल तर दोन वर्षं. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद, टोकांना पडद्याच्या दांडीचे तुकडे आणि एक लाल फीत, एवढाच काय तो मी.

माझा जन्म एका विनोदी सिनेमासाठी झाला. त्यात राजा घोडे लावायला जागा मिळत नाही म्हणून कावलेला असतो आणि सेनापती ऐन लढाईत रजेचा अर्ज देतो. मला दरबारात वाचायचं काम प्रधानजींचं, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या म्हाताऱ्या नटाचं. चाळीस वर्षं नाटकात खणखणीत बोललेला माणूस, पण आता वाक्यं लक्षात राहत नव्हती. तीन दिवस एकच प्रसंग रखडला, तेव्हा दिग्दर्शिकेने सांगून टाकलं, उद्या जमलं नाही तर दुसरा नट घेणार.

त्या संध्याकाळी प्रधानजी मला गुपचूप घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोने ठळक अक्षरांत सगळी वाक्यं माझ्यावर उतरवली. काम सुटलं तर हे घरात बसतील आणि उरलंसुरलंही विसरतील, ही तिची धास्ती. शेवटी, रोज त्यांना चिठ्ठी लिहायच्या सवयीने, तिने आणखी दोन वाक्यं जास्तच लिहिली.

दुसऱ्या दिवशी प्रधानजींनी मला उलगडलं. हातात कागद आला की शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचायचा, ही त्यांची जुनी शिस्त.

"वाटेत घोडा लावणाऱ्याचा घोडा जप्त होईल. युद्ध संपेपर्यंत कोणालाही रजा मिळणार नाही. जेवल्यावर पांढरी गोळी घ्या. विसरू नका."

दरबार गडाबडा लोळायचा तेवढा बाकी राहिला. दिग्दर्शिका डोळे पुसत म्हणाली, हे असंच ठेवायचं. प्रधानजींना काही कळलं नाही, पण भूमिका हातची गेली नाही. माणसं चुकीला हसतात आणि हसता हसता माफही करून टाकतात, याचं मला नवल वाटतं.

काम संपल्यावर त्यांच्या बायकोने मला मागून घेतलं. सिनेमा लागला तेव्हा मी तिच्या पिशवीत होतो. तो प्रसंग आला आणि थिएटर दणाणलं. प्रधानजीही पोट धरून हसले. मग तिच्याकडे वाकून म्हणाले, "कोण गं हा? काम छान करतोय."

ती म्हणाली, "आमचे हे आहेत."

हल्ली मी त्यांच्या कपाटावर असतो. माझी एकच विनंती आहे. प्रधानजी कुठे भेटले तर 'ओळखलंत का' असं विचारू नका. तुमचं काम आवडलं, एवढंच म्हणा. ते ऐकून त्यांना बरं वाटतं.