हरिणाक्षीचं सासर

“स्थळ लाखात एक आहे, कल्याणीअक्का. मुलगा जाऊन तीसेक वर्षं झाली. घरात सासू नाही, नणंद नाही. पोरीला कसला जाच नाही,” ओसरीच्या कडेला टेकत लग्नं जुळवणारा मोनप्पा म्हणाला.

कल्याणीने मान वर केली नाही. मी तिची शेजारीण; आम्ही दोघी मोगऱ्याच्या कळ्या बांधत होतो. आमचा धंदाच तो.

आमच्या तुळू मुलखात आटीच्या, म्हणजे ऐन पावसाच्या महिन्यात जिवंतांची लग्नं होत नाहीत, मेलेल्यांची होतात. पोर लहानपणी गेलं तरी तिकडे ते वाढतच असतं, आणि लग्नाचं वय झालं की घरच्यांना छळू लागतं, असं आम्ही मानतो. कल्याणीची हरिणाक्षी बारा वर्षांची असताना गेली. गेली कसली, मारली तिला. आज असती तर सव्वीसची असती.

“घर कुणाचं?” कल्याणीने विचारलं.

मोनप्पाने तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेलं. “गुत्तूवाल्यांचं. यशोधरअण्णांचा धाकटा भाऊ, तापाने गेला होता बघ लहानपणी.”

माझ्या हातातला गजरा सुटला. चौदा वर्षांपूर्वी आम्ही दोघी पहाटे फुलं घेऊन बाजारात गेलो होतो. परतलो तेव्हा तिचा नवरा आनंद अंगणात पडला होता आणि हरिणाक्षी दारात. गुत्तू म्हणजे गावातलं मानाचं घर; त्या घरावर आनंदने दावा लावला होता, यशोधरने कुंपण सरकवून आपली नदीकडची जमीन गिळली म्हणून. पोरीचा गुन्हा एवढाच, की ती तेव्हा जागी होती. कुणी केलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि सगळं गाव कोर्टात म्हणालं, आम्ही झोपलो होतो. कोयता सापडला, तो ठाण्यातूनच हरवला. यशोधरने शपथेवर सांगितलं, “त्या पोरीला मी ओळखत नव्हतो. तिचं नावही मला माहीत नाही.” सुटला. पुढे देवळाचा विश्वस्तही झाला मेला! शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कल्याणीला शहाणं व्हायचंच नव्हतं. साहेब बदलले, वकील म्हातारे झाले, ती अर्ज करतच राहिली.

“त्यांना आताच बरी आठवण झाली धाकट्याची?” मी म्हटलं.

“अगं, घरात काही धड नाही. गाभण गाई गेल्या, नातवाला झटके येतात, अण्णांना रात्रभर झोप नाही. जोतिष्याने कवड्या मांडल्या. म्हणाला, एक पोर रागावून दाराशी उभी आहे. तिला सून करून घ्या. सून झाली की घराला शाप द्यायची नाही. आणि नाव निघालं ते…”

मोनप्पा थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याला बोलून गेल्यावर कळलं.

“बोल की. कुणाचं निघालं?”

“हरिणाक्षीचं.”

“अस्सं! पोलिसांना इतक्या वर्षांत निघालं नाही ते कवड्यांनी काढलं होय रे?”

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! कल्याणीचा भाऊ संजीव इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होता. तो आता पुढे सरकला. “अक्का, चांगलं चालून आलंय. पोरीला शांती मिळेल. तूही आता थांब जरा.”

“शांती कुणाला हवीय? तिला, तुला, की गुत्तूला?” तिने परडी बाजूला ढकलली. “मामा ना तू तिचा? लाज वाटत नाही?”

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यावर गेलो. नवीन साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “बाई, भुताचा जबाब मी कुठल्या कलमाखाली लिहू?” ते म्हणाले. शिपाई खिदळले. मला त्यांचं टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

“भुताचा नको. यशोधरचा घ्या,” कल्याणी म्हणाली. “माझी पोर नेमकी त्याच्याच दाराशी का उभी आहे, एवढंच विचारा.”

“चहा घेणार का?” साहेबांनी विचारलं.

परतीच्या वाटेवर ती पुलावर थांबली. मग म्हणाली, “मोनप्पाला निरोप दे. मुलगी द्यायची आहे.”

“डोकं फिरलंय तुझं? त्या घरात?”

“त्याच घरात. पण रीतीने. कर्त्या पुरुषाने स्वतः यायचं, अंगणात उभं राहायचं आणि नाव घेऊन मुलगी मागायची.”

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. इतकी वर्षं मी काय हवा खायला म्हणून कोर्टात गेले होते तिच्याबरोबर? लढायचं ते लढायचं आणि शेवटी मुलगीच त्यांच्या पदरात घालायची!

यशोधर आला तेव्हा पाऊस होता. म्हातारा झाला होता, डोळ्यांखाली काळं पडलं होतं. मला दया आली नाही. कुंपणाशी सगळं गाव जमलं, तेच ते झोपलेलं गाव. कल्याणीने त्याला ओसरीवर घेतलं नाही. “तिथेच उभे राहा,” म्हणाली. तिथेच आनंद पडला होता.

“मुलगी मागायला आलोय,” छत्रीखालून तो म्हणाला.

“कुठली मुलगी?”

“तुमची.”

“तिला नाव असेल ना काही?”

त्याने मोनप्पाकडे पाहिलं. मोनप्पाने तोंड उघडताच ती कडाडली, “तू गप्प बस रे! माहीत आहे त्यांना.”

पाऊस छत्रीवर वाजत राहिला.

“हरिणाक्षी,” तो पुटपुटला.

“कोर्टात ‘नाव माहीत नाही’ मोठ्यानं बोलला होतात.”

“हरिणाक्षी!” तो ओरडला. कुंपणापलीकडे सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तेव्हा मला कल्याणीचं गणित कळलं, आणि माझाच मला राग आला.

आठवड्याने लग्न झालं. दोन पाटांवर दोन बाहुल्या. वराला पंचा, वधूला हिरवी साडी. गुत्तूवाल्यांनी बांगड्या आणल्या त्या मोठ्या बाईच्या मापाच्या होत्या. त्या पाहून मात्र कल्याणी ढसाढसा रडली. कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची कुरकुरीत रोट्टी गावाने बोटं चाटत खाल्ली. निघायच्या वेळी तिने वधूची बाहुली उचलली. अशा वेळी आई लेकीच्या कानात सांगते, सुखानं नांद म्हणून. मी जवळच होते, ती काय म्हणाली ते मी ऐकलं.

“बाळ, त्या घरात कुणाचा डोळा लागू देऊ नकोस.”

आणि तिने ती यशोधरच्या हातांवर ठेवली.

पूर्वी कल्याणी त्या फाटकाशी गेली की तो कुत्री सोडायचा. आता मुलीच्या आईला दारातून परत कोण पाठवणार? दर शुक्रवारी आम्ही गुत्तूवर जातो. ती फाटकातूनच हाक मारते, “हरिणाक्षी, आई आलीय गं!” शेतातले गडी थांबून बघतात. घरच्या बायका आत पळतात. विहिणीला गूळपाणी कर्त्यानेच द्यायचं असतं, म्हणून यशोधर स्वतः तांब्या घेऊन येतो. ती गुळाला शिवत नाही, पाण्याला ओठ लावत नाही.

परवा तो तांब्या ठेवून तसाच उभा राहिला. “विहीणबाई, आता पुरे करा. तुम्हाला काय हवंय ते सांगा.”

“खरं बोला. ठाण्यावर जाऊन बोला.”

त्याने तांब्या उचलून पुन्हा खाली ठेवला.

“मग मला काय विचारता? तिला विचारा. इथेच राहते ती.”

आतल्या दाराच्या खिळ्याला तिने गेल्या शुक्रवारी लेकीसाठी अडकवलेला गजरा तसाच होता, सुकून काळा पडलेला. तो उतरवायला त्या घरात कुणाचा हात धजावला नव्हता. कल्याणीने तो काढून पदरात घेतला, ताजा अडकवला, आणि जरा वाकडा वाटला म्हणून सरळ केला. मग आम्ही नवा अर्ज घेऊन ठाण्याच्या वाटेला लागलो.