टाकीतली हडळ

शुक्रवारी सकाळी आमच्या धक्क्यावर एवढं माणूस लोटलं होतं की खाडीचं पाणी दिसत नव्हतं. बायका पोरं कडेवर घेऊन आलेल्या. लूमवर रात्रपाळी करून आलेले गडी तांबारलेले डोळे चोळत उभे. गोदामातल्या हमालांनी तर सरळ खाडा केला होता. सगळ्यांची तोंडं आमच्या होडीकडे. होडीत पेट्रोलची लाल टाकी, टाकीवर लिंबू, आणि लिंबाच्या मागे यंत्रांतली भुतं काढणारा इंजिनबाबा.

"अब कोई खांसेगा नहीं," बाबा म्हणाला. "हडळ आत बसलीय. भुकेली हाय. झाकण उघडतो, तिचा श्वास ऐका."

त्याने झाकण फिरवलं. फुस्स. माझ्या बहिऱ्या कानालाही ऐकू आलं. शंभर जणांचे हात जोडले गेले. माझी शेजारीण चंद्रा घाबरून मागच्या मागे बसली ती थेट ओल्या जाळ्यांवर.

बाबाने अकलोलीच्या गरम कुंडाचं तीर्थ चमचाभर टाकीत सोडलं, झाकण लावलं आणि माझ्या मुलाला, दीपेशला म्हणाला, "खींच बेटा." दीपेशने दोरी ओढली. तीन दिवस मेल्यासारखी पडलेली मोटर गुरगुरायला लागली. लोकांनी जयजयकार केला. पाच मिनिटांत बाबाने हात वर केला. "बस. आज तिला जास्त दमवू नका."

मग त्याने माझ्या सुनेकडे, वैशालीकडे बोट केलं. "हडळ हिच्या पावलाने होडीत आली. पुढच्या शुक्रवारपासून सव्वा वर्ष हिने माहेरी राहायचं. तोवर होडी माझ्या संस्थानात जमा."

मी चौथीत शाळा सोडली, पण माणूस देवाकडे कसा बघतो आणि मालाकडे कसा बघतो, ते मला कळतं. हा आमच्या होडीकडे मालासारखा बघत होता.

घरी आल्यावर मी दीपेशला विचारलं, "तू काय बोललास त्याला?"

"मी काय बोलणार, आई? सगळा गाव होता. सव्वा वर्षच तर हाय."

याला मी नऊ महिने पोटात वागवलं. कशाला, असं वाटून गेलं.

खरं म्हणजे ती होडी वैशालीचीच. आमच्या शेतात गोदामं उभी राहिली, भाडं यायला लागलं, आणि दीपेशचं फक्त पोट वाढलं. वैशालीने स्वतःच्या बांगड्या मोडून वसईकडची जुनी होडी मोटरीसकट आणली. पलीकडच्या काठावरच्या भाजीवाल्या बायकांना ने-आण करायची, उरलेल्या वेळात मासे, असा तिचा बेत.

आणली तेव्हा होडी दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशचा वास मारत होता. वैशालीने ते काढून गॅरेजवाल्याला दिलं, टाकी ताज्या पेट्रोलने खळबळून उन्हात वाळवली, गाळणी बदलली, प्लग नवा घातला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं तर नातवाच्या दुधाच्या बाटलीवरच्या रेघा बघून. रोज संध्याकाळी मोटरचा पाय गोड्या पाण्याच्या पिंपात उभा करून पाच मिनिटं चालवायची, आत मीठ धरू नये म्हणून.

"माझे पाय कधी एवढे धुतलेस का गं?" मी म्हणायची.

"तुम्ही खाडीत उभ्या राहत नाही, आई."

तोंडाला तोंड देते. आठ वर्षं मी तिला छळतेय आणि आठ वर्षं ती मला पुरून उरतेय. अशी सून पुन्हा कुठून आणू?

माझं कामही मी केलं होतं. रिक्षा असो नाहीतर लूम, आमच्याकडे नव्या यंत्राला हळदकुंकवाशिवाय हात लावत नाहीत. मी तेलात कुंकू कालवलं आणि होडीच्या नाकाला, मोटरीच्या डोक्याला आणि टाकीच्या झाकणाला भरगच्च बोट लावलं. झाकणावर मधोमध एक छोटा खळगा होता, जणू टिळ्यासाठीच ठेवलेला. त्यात कुंकू दाबलं, वर तांदूळ चिकटवला. मग दर शुक्रवारी पुन्हा.

आणि मोटर बंद पडायला लागली. काठावरून झोकात निघायची, दहा मिनिटांत जुन्या पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी पोचायची आणि तिथेच गप्प. रोज तोच खांब. टाकीतून मोटरीला पेट्रोल नेणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा चपटा, कुणीतरी चोखल्यासारखा. टाकीचं पोट खपाटीला गेलेलं. वल्ही मारत धक्क्यावर यायचं, पेट्रोल संपलं का म्हणून दीपेशने झाकण उघडून बघायचं, पेट्रोल भरपूर, आणि दोरी ओढली की मोटर पुन्हा सुरू. मग चंद्राला आठवलं की वीस वर्षांपूर्वी तिसऱ्या खांबापाशी एक बाई बुडाली होती. त्या दिवसापासून टाकीला कुणी शिवेना, आणि चौथ्या दिवशी चंद्राच इंजिनबाबाला घेऊन आली.

आठवडा गेला. शुक्रवार उजाडला तेव्हा वैशालीची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. ती रडत नव्हती. ती रडत नाही म्हणून मलाच गहिवरून येत होतं, आणि मला तसलं काही आवडत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन तेलाचा नवा डबा काढला. खिळ्याने एक भोक पाडलं, डबा कलता केला. तेल दोनदा गचके देऊन आलं आणि थांबलं.

"वैशाली, दुसरं भोक पाड गं, तेल अडलं."

ती डोळे पुसत आली म्हणा किंवा न पुसत, मी बघितलं नाही. तिने डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात खिळा ठोकला. डब्याने श्वास घेतला. फुस्स. आणि तेलाची धार लागली.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. भांड्यातून तेल ओट्यावर सांडलं तरी बघत राहिलो.

"आई," ती म्हणाली, "टाकीलाही हवेचं भोक असतं. झाकणावर. मी रोज त्याचा स्क्रू सैल करते."

"मग भोक कुठे गेलं?"

ती पडवीत ठेवलेल्या टाकीकडे पळाली. झाकणातल्या खळग्यात तिने सेफ्टी पिन घातली आणि उकरलं. आतून लाल काळं किटण निघालं. मागोमाग तांदळाचा दाणा.

मी तो दाणा ओळखला. आमचा कोलम.

"हे कुणाला बोलू नकोस," मी म्हणाले.

तिने फक्त दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघितलं. मी इतका वेळ मनातल्या मनात गावाला मूर्ख म्हणत होते, आणि हडळ माझ्याच बोटाने टाकीत घातली होती. आता लाज राखायची की सून, एवढाच प्रश्न होता. मी पदर खोचला.

वैशालीने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून ठेवलं. थोड्या वेळात तळाला पाणी वेगळं झालं. बाबाने दिवसाआड येऊन सोडलेलं सगळं तीर्थ तिथे जमा. कुंड बिचारं निर्दोष, पाणी आंघोळीला उत्तम. मोटरीला पाजलं तर ती ठसकणारच. आम्ही टाकी कोरडी करून ताजं पेट्रोल भरलं.

धक्क्यावर पुन्हा तेवढीच गर्दी. बाबा लिंबू काढणार तोच मी म्हणाले, "बाबा, आज तुम्हीही होडीत चला. तिसऱ्या खांबाची बाई तुमच्या ओळखीची, आमची गाठ घालून द्या."

"माताजी, मैं काठावरूनच..."

"असं कसं? एवढे मोठे तुम्ही, पाण्याला भिता का?"

लोक हसले. बाबाला बसावंच लागलं. सोबत चंद्राला घेतलं. चंद्राने पाहिलं की गावाला वेगळं सांगावं लागत नाही, शिवाय तिच्या हातात मोबाइल असतो. वैशालीने मोटर सुरू केली. लिंबू नाही, तीर्थ नाही. पहिला खांब गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्याला चंद्रा म्हणाली, "अगं बाई, हडळ झोपली काय?"

"हमारा प्रताप," बाबा म्हणाला.

"आता इथेच गोल फिरवत राहा," मी वैशालीला सांगितलं. मग अंगठ्याला तेलकुंकू लावलं आणि तो झाकणाच्या भोकावर घट्ट दाबून बसले. चंद्राला म्हटलं, "शूटिंग कर." दहा मिनिटं गेली. फुगा चपटा झाला. टाकीचं पोट आत गेलं. मोटर खोकली आणि बंद पडली. ओहोटी लागली होती. होडी काठापासून लांब, उलट्या बाजूला सरकायला लागली.

"आली हडळ," मी म्हणाले. "बाबा, काढा."

बाबाने होडीच्या दोन्ही कडा धरल्या होत्या. तोंड पांढरं. "माताजी, अंगठा हटाओ."

"मंत्र म्हणा ना."

"अरे, हवेचं भोक बंद हाय. टाकीला हवा न्हाय मिळत. इंजिन पेट्रोल कसं ओढणार? अंगठा काढा, मला पोहायला येत न्हाय."

चंद्राने मोबाइल खाली केला. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पाच वर्षं गॅरेजात काढलीत," बाबा पुटपुटला. "आता काढा ना अंगठा."

मी काढला. फुस्स. वैशालीने फुगा दाबून भरला, दोरी ओढली, मोटर सुरू. धक्क्याला लागल्यावर बाबा लिंबू न घेताच उतरला. रिक्षावाल्यानेही आधी पैसे घेतल्याशिवाय त्याला बसवला नाही.

लोक माझ्याकडे बघत होते. सांगायलाच हवं होतं. "भोक मी बुजवलं होतं," मी म्हणाले. "माझ्या कुंकवाने. वैशालीने मोटरीचं सगळं नीट केलं होतं. तिची चूक एवढीच की सासूच्या बोटावर विश्वास ठेवला."

दीपेश खाली बघून म्हणाला, "आई, मला वाटलं..."

"तुला वाटलं नाही, तुला सांगितलं. बॅग उचल आणि आत नेऊन ठेव. मग हिची माफी माग. सव्वा वर्ष नको, आजच माग."

कुंकू मी आजही लावते, होडीच्या नाकाला, झाकणापासून हातभर लांब. भक्तीला माझी ना नाही. पण यंत्र बंद पडलं तर आधी पेट्रोल बघा, गाळणी बघा, प्लग बघा, हवेचं भोक बघा. एवढं सगळं बघूनही हडळच सापडली तर मला बोलवा, मला तिच्याशी बोलायचंय. पण आपल्याला कारण कळत नाही म्हणून घरातल्या बाईला घराबाहेर काढू नका. कारण कळेपर्यंत थांबा. आमचं तर तेलाच्या डब्यात सापडलं.

वैशाली आता सकाळी सातला पहिली फेरी सोडते. तिसऱ्या खांबापाशी चंद्रा अजून हात जोडते. निघण्याआधी झाकणातलं भोक मात्र चंद्राच तपासते.